दुर्घटनेनंतर निलंबन होते, दुर्घटनेआधी सराव का होत नाही?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्यातली तीन भाजल्याने गेली, सात धुराने गुदमरून गेली. ज्यांची बाळे गेली, ती बहुतेक खेड्यापाड्यातली, हातावर पोट असलेली कुटुंबे होती.

त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब कोसळला आणि किमान २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान १३ रुग्णांचा मृत्यू झाला. ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. एका वर्षात, एकाच राज्यात, चार दुर्घटना.

पुढचा क्रम आपल्याला पाठ झाला आहे. मंत्र्यांची भेट, चौकशी समिती, मदतीची घोषणा, राज्यभर फायर ऑडिटचे आदेश आणि मग कारवाई. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. नगरमध्ये एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या.

ज्याने कर्तव्यात कसूर केली, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. रात्रपाळीला असलेल्या त्या सिस्टरने आगीत बाळे बाहेर काढण्याचा सराव याआधी एकदा तरी केला होता का? तिला तो कोणी शिकवला होता का? हा प्रश्न दुर्घटनेनंतर विचारून उपयोग नाही. तो आधी, आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन विचारायचा आहे. त्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय, ते कुठे अडते आणि कार्यकर्ता म्हणून आपण काय करू शकतो, हे समजून घेऊ.

तास भरणे वेगळे, हाताने करणे वेगळे

डॉक्टर किंवा नर्स झाल्यावर शिक्षण संपत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात. परिचारिकांसाठीही नूतनीकरणाची आणि सतत शिक्षणाची अशीच पद्धत आहे.

व्यवस्था चांगली आहे, पण हे गुण बहुतेकदा परिषदा, व्याख्याने आणि ऑनलाइन सत्रांतून मिळतात. नवीन औषध कोणते, निदानाची नवी पद्धत कोणती, हे कळण्यासाठी व्याख्यान ठीक आहे. आणीबाणीच्या कामासाठी ते पुरत नाही. पोहण्यावर कितीही व्याख्याने ऐकली तरी विहिरीत पडल्यावर हातपाय मारता यायला हवेत, तसेच हे आहे.

हृदय अचानक बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचे काम, म्हणजे सीपीआर, हे याचे उत्तम उदाहरण. प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात दोन मिनिटांत हात भरून येतात, दाब उथळ होतो, वेग चुकतो. मेंदूला चार ते सहा मिनिटे रक्त मिळाले नाही तर त्याचे कायमचे नुकसान होऊ लागते, त्यामुळे आठवून करायला वेळ नसतो.

या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र साधारण दोन वर्षे चालते. मात्र हाताचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच उतरू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून आता दोन वर्षांतून एकदा दिवसभराचा वर्ग घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी, कामाच्या जागीच, पुतळ्यावर थोडा वेळ सराव करण्यावर भर दिला जातो. त्याला मोठा खर्च येत नाही. एक पुतळा, एक शिकवणारा आणि ड्युटीतली पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

आग लागल्यावर पहिली तीन मिनिटे

अग्निशमन दलाची गाडी कितीही लवकर आली तरी पहिली काही मिनिटे वॉर्डातल्या माणसांच्याच हातात असतात. या वेळेत करायच्या कामांचा क्रम जगभर शिकवला जातो. आधी धोक्यात असलेल्या रुग्णाला हलवायचे. त्याच वेळी ओरडून, घंटा वाजवून सगळ्यांना सावध करायचे. मग दारे बंद करून धूर आणि आग एका जागी कोंडायची. आणि शेवटी, आग लहान असेल तरच ती विझवायला जायचे. घाबरलेला माणूस नेमका उलटा क्रम धरतो. तो आधी आग विझवायला धावतो, दार उघडे राहते आणि धूर पुढच्या वॉर्डात जातो.

अतिदक्षता विभागात आणखी एक मोठी अडचण असते, ती ऑक्सिजनची. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्या वस्तूला तो भडकवतो. म्हणून त्या विभागाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. पण त्याच ऑक्सिजनवर रुग्ण जगत असतात. तेव्हा कोणाला आधी अँबू बॅगवर घ्यायचे, कोणाला छोट्या सिलिंडरवर हलवायचे आणि व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम कोण देणार, हे आधी ठरलेले असावे लागते. व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला माहीत असावे लागते. नाशिकच्या घटनेने ऑक्सिजनची दुसरी बाजू दाखवली. पुरवठा तुटल्यावर पर्यायी सिलिंडर किती वेळात जोडले जातात, यावर रुग्णांचे श्वास अवलंबून असतात. तेही सरावाचेच काम आहे.

नवजात बाळांच्या कक्षात तर बाळाला स्वतःहून पळता येत नाही आणि एका सिस्टरला दोनच हात असतात. म्हणून काही देशांत एकावेळी अनेक बाळे नेता यावीत यासाठी खिसे असलेले मजबूत ॲप्रन कक्षातच टांगून ठेवतात. आपल्याकडे ते नसले तरी चादरीत किंवा टोपलीत बाळे कशी न्यायची, कोणत्या दाराने न्यायची, बाहेर कोण मोजून घेणार, हे ठरवायला पैसे लागत नाहीत.

अग्निशमन यंत्राचेही तसेच आहे. पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. चार कृती आहेत. पण भिंतीवरचे लाल यंत्र वर्षानुवर्षे पाहूनही ते एकदाही हातात न घेतलेले कर्मचारी सापडतात. आणीबाणीत पिनशी झटापट करण्यातच अर्धे मिनिट जाते.

भंडाऱ्यानंतर देशाने धडा घेतला असता तर पुढचे टळले असते, असे आपल्याला वाटते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशातल्या झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात शिशू कक्षालाच आग लागली आणि पुन्हा दहा बाळे गेली.

प्रशिक्षणाने खरेच जीव वाचतात का?

वाचतात, आणि त्याचे पुरावे आहेत.

बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचे. ठरावीक मर्यादा ओलांडली की एकामागून एक न करता सगळे उपाय एकदमच सुरू करायचे: गर्भाशय चोळणे, आकुंचनाची औषधे, रक्त थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी. यासाठी कर्मचाऱ्यांना त्यांच्याच लेबर रूममध्ये शिकवले आणि पुढेही त्यांच्या कामाचा आढावा घेत राहिले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ येणे किंवा मृत्यू, या सगळ्यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यात महागडे यंत्र कुठेही नव्हते.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे. मे २०१८ मध्ये कोझिकोड भागात निपाहची साथ आली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. पेरांब्रा तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी यांना रुग्णसेवा करताना लागण झाली आणि त्या गेल्या. आजार काय आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हते. त्यानंतर राज्याने रुग्ण वेगळा ठेवण्याची, संरक्षक पोशाख घालण्या-काढण्याची आणि संपर्कातल्या लोकांचा माग काढण्याची पद्धत लिहून काढली, कर्मचाऱ्यांना शिकवली. जून २०१९ मध्ये एर्नाकुलममध्ये पुन्हा एक रुग्ण सापडला. संपर्कातल्या तीनशेहून अधिक लोकांवर लक्ष ठेवले गेले. तो तरुण बरा झाला आणि दुसऱ्या कोणालाही लागण झाली नाही.

तिसरे उदाहरण आपल्या कोकणातले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातून शिकून आलेला हा डॉक्टर विंचूदंशाने मरणारी माणसे पाहत होता. त्यांनी रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या, 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात लिहिले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले. पूर्वी गंभीर विंचूदंशात ४० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर एक टक्क्याजवळ आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातला आपल्या कामाचा भाग असा की, औषध साधे आणि स्वस्त होते. पण ते कधी आणि किती द्यायचे, हे खेड्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले तेव्हाच माणसे वाचू लागली.

मग घोडे कुठे अडते?

पहिले कारण रिक्त पदांचे. एका पाळीत दोघींचे काम एकटी सिस्टर करत असेल तर तिला प्रशिक्षणाला पाठवायचे म्हणजे वॉर्ड उघडा टाकायचा. त्यामुळे नाव एकीचे आणि सही दुसरीची, असे प्रकार होतात.

दुसरे कारण कंत्राटी नोकरीचे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात काम करणाऱ्या हजारो परिचारिका आणि तंत्रज्ञ ठरावीक मुदतीच्या करारावर आहेत. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली एएनएम, जीएनएम करून याच नोकऱ्यांत जातात. जबाबदारी कायम कर्मचाऱ्याइतकीच, पण दुर्घटना झाली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. म्हणून त्यांच्यासाठी प्रशिक्षणाची नोंद हा ढालीसारखा कागद आहे. आपल्याला काय शिकवले, कधी शिकवले, कोणती मागणी लेखी केली, याची प्रत प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवावी.

तिसरे, प्रशिक्षण फक्त डॉक्टर-नर्सपुरते राहते. सफाई कामगार, वॉर्डबॉय, लिफ्टमन, सुरक्षारक्षक यांना कोणी विचारत नाही. रात्री तीन वाजता जिन्याच्या दाराची किल्ली मात्र सुरक्षारक्षकाकडेच असते. ठेकेदाराचा माणूस असला तरी आणीबाणीत तोच पहिला हात असतो.

चौथे, मॉकड्रिल दिवसा, पूर्वसूचना देऊन, फोटोसाठी होते. भंडाऱ्याची आग मध्यरात्रीनंतर लागली होती. जो सराव रात्रपाळीत झाला नाही, तो अर्धाच झाला असे समजावे.

आपण काय विचारायचे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यावे लागते. रुग्णालयांच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके आपत्ती आराखडा आणि मॉकड्रिलची अपेक्षा धरतात. एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयात वर्षातून किमान दोनदा मॉकड्रिल अपेक्षित आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

शिष्टमंडळ घेऊन जाताना हे प्रश्न लेखी न्यावेत:

१. नमुना 'ब' चे शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे?
२. शेवटचे मॉकड्रिल कधी झाले? रात्रपाळीत झाले होते का? त्यात आढळलेल्या त्रुटी आणि त्यांवर केलेली दुरुस्ती कुठे नोंदवली आहे?
३. गेल्या वर्षभरात किती कर्मचाऱ्यांना सीपीआर, नवजात बाळाचे पुनरुज्जीवन आणि आग हाताळण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळाले? त्यात कंत्राटी आणि ठेकेदाराचे कर्मचारी किती?
४. अतिदक्षता विभाग आणि शिशू कक्षातून रुग्ण बाहेर काढण्याचा लेखी आराखडा आहे का? तो भिंतीवर मराठीत लावला आहे का?
५. बाहेर पडण्याचे प्रत्येक दार आज, आत्ता उघडते का?
६. मंजूर पदे किती आणि भरलेली किती?

सरकारी रुग्णालयाकडून ही माहिती माहिती अधिकार कायदा २००५ खाली मागता येते. दहा रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खासगी रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेची माहिती महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे मागावी. याशिवाय सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, गावात ग्राम आरोग्य समिती असते. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाईची परंपरा आहे. त्या जागा रिकाम्या सोडू नयेत.

एक पथ्य मात्र पाळावे. हे प्रश्न व्यवस्थापनाला विचारायचे आहेत, ड्युटीवरच्या सिस्टरला कोंडीत पकडण्यासाठी नाहीत. मोबाइल कॅमेरा घेऊन वॉर्डात घुसल्याने एकही मॉकड्रिल होणार नाही. उलट परिचारिकांच्या संघटनेला सोबत घेतले तर आतली खरी माहिती मिळते आणि मागणीला वजन येते.

आपल्या गर्दीतली आपली तयारी

हा विषय आपल्या दारातही आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्यात रात्रभर रेल्वेने उभ्याने प्रवास केलेले, मधुमेहाची गोळी चुकलेले, उपाशीपोटी रांगेत थांबलेले ज्येष्ठ असतात. समता सैनिक दलाचे सैनिक, वैद्यकीय मदत केंद्रातले डॉक्टर आणि असंख्य स्वयंसेवक तिथे राबतात. या स्वयंसेवकांना आधीच्या महिन्यात एक दिवसाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले तर त्याच मनुष्यबळाची ताकद कितीतरी वाढेल.

त्यात एवढे असावे: सीपीआर, बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला कुशीवर वळवणे, रक्तस्राव दाबून धरणे, साखर कमी झाल्याची लक्षणे ओळखणे, गर्दी दाटली की मागून येणारा लोंढा कसा थांबवायचा आणि रुग्णवाहिकेसाठी वाट कशी मोकळी ठेवायची. १०८ वर फोन करताना आधी ठिकाण आणि जवळची खूण सांगायची, मग रुग्णाची अवस्था सांगायची आणि समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हेही शिकवावे लागते. रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला तरुण घाबरतात, कारण पोलिसांचे लचांड मागे लागेल असे वाटते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

शिकवायला माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. आपल्या समाजातले डॉक्टर, परिचारिका, १०८ वरचे कर्मचारी, अग्निशमन दलातले जवान प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार त्यांच्यासाठी ठेवावा. सीपीआरचा पुतळा चार-पाच विहारांनी मिळून घेतला तरी चालेल. आणि जे कार्यकर्ते तिथे स्वतः शिकतील, त्यांना रुग्णालयात जाऊन "तुमचा सराव कधी झाला?" असे विचारण्याचा अधिकार आपोआप येईल.

येत्या जानेवारीत आणि जुलैत नमुना 'ब' ची मुदत पुन्हा येणार आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयासाठी वरचे सहा प्रश्न आजच कागदावर उतरवा, पाच जणांच्या सह्या घ्या आणि अर्जाची पोच घेऊन या. उत्तर समाधानकारक आले तर रुग्णालयाचे जाहीर अभिनंदन करा. उत्तर आले नाही तर अपील करा. शोकसभा घेण्याची वेळ येण्याआधी करण्यासारखे एवढे काम आपल्या हातात आहे.